उद्यानात परदेशी मुत्सद्दी बसवू इच्छिणाऱ्यांस

आपल्या प्रभागातील उद्यानाचे कारंजे बंद पडले असेल, घसरगुंडी मोडली असेल आणि निधी मात्र मार्चअखेर परत जाण्याच्या बेतात असेल, तर आपण निःसंकोचपणे तेथे एखाद्या परदेशी मुत्सद्द्याचा कांस्य पुतळा उभारावा. देशी थोर पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. त्याला जात असते, जयंती असते, अनुयायी असतात, आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून सोलापूर बंद पुकारला जाऊ शकतो. अब्राहम लिंकनची मिरवणूक पार्क चौकातूनच गेली पाहिजे, असा हट्ट कोणी धरणार नाही.

चर्चिलचे नाव मात्र सुचवू नये. १९३१ च्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आपल्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले आणि पुढच्याच महिन्यात या गृहस्थाने गांधीजींना अर्धनग्न फकीर ठरवले. लंडनच्या पार्लमेंट चौकात आता दोघेही कांस्यरूपाने उभे आहेत. पण इंग्रजांना आपले वाद धातूत ओतून ठेवण्याची खोडच आहे.

जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नमुना हुबेहूब आहे की नाही, हे सोलापुरात तपासणार कोण? दाढी असली आणि मिशी नसली, की लिंकन झाला. कांस्य म्हणजे तांबे आणि थोडे कथील. उघड्यावर ते काळवंडते. मुंबईकरांनी सातव्या एडवर्डच्या पुतळ्यातला राजा विसरून काळा घोडा तेवढा लक्षात ठेवला. तेव्हा कोनशिलेवर लिंकनपेक्षा आपले नाव ठळक कोरून घेणे श्रेयस्कर. पुतळा नियमित धुण्याचे आश्वासन कदापि देऊ नये, कारण उजनी धरण भरूनही नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ते ऐकून आयाबाया घागरी घेऊन थेट उद्यानात येतील.

एखादा चिकित्सक नागरिक म्हणेल की, याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले, १९४२ साली अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले, आणि शिजियाझुआंगमधील त्यांच्या पुतळ्याला तिथले लोक आजही फुले वाहतात. मग परदेशी माणसाचा पुतळा कसा असावा, हे त्यांच्याकडून शिकू नये का? त्याला नम्रपणे सांगावे की, ज्या गावात पुतळा बसवायचा त्या गावासाठी संबंधित व्यक्तीने काही केलेले असावे, अशी अट आपल्या निविदेत नाही.