वॉकर, फुलर, टकर: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वॉकर हे इंग्रजी आडनाव लोकरी कापड पायांनी तुडवून दाट करण्याच्या धंद्यावरून पडलं, असं मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा रोख थोडक्यात असा: वॉकर म्हणजे चालणारा, फार तर राजाच्या जंगलात गस्त घालणारा रखवालदार. कापड तुडवणाऱ्याची गोष्ट कुणीतरी मागाहून रचलेली. एकाच धंद्याची वॉकर, फुलर आणि टकर अशी तीन आडनावं असतील कशाला? असा घाणेरडा धंदा करणारे मूठभरच, मग वॉकर लाखांनी कसे? आणि लीड्सला तुमच्या सूनबाईंच्या माहेरी 'वॉकर घराण्याची' ढाल भिंतीवर आहे, तिच्यावर झाड आहे, तेव्हा जंगलच खरं.

आधी धंदा बघू. तो नीट कळला की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड तसंच अंगावर घालण्याजोगं नसे. वीण विरळ, आणि सूत कातताना लोकरीला चोळलेलं लोणी किंवा तेल त्यात मुरलेलं. त्या तेलकट कापडावर रंग धड चढत नाही. म्हणून पहिली धुलाई शिळ्या मुतात. ताजं उपयोगाचं नाही. ते साठवून ठेवलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तेल सुटायला लागतं. त्यावर पाण्यात कालवलेली, चरबी शोषणारी माती. आपल्याकडे मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात ना, तो फुलर हाच. इंग्लंडात ही माती सरे परगण्यात नटफील्ड-रेडहिलच्या आसपास आणि बाथजवळ निघे. कापडधंद्याला ती इतकी मोलाची, की सतराव्या शतकात ती देशाबाहेर न्यायला बंदी होती.

मग तुडवणं. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. आपल्याकडचा बुरणूस याच गुणावर बनतो, फक्त तिथे विणकाम नसतं. दोघंतिघं अनवाणी कुंडात उतरून कापड पायांनी घोळत, पलटत, पुन्हा दाबत. कापड दाट होई आणि आटे. जाड बनातीची रुंदी तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त कमी होई. विणकर मुद्दाम पन्हा मोठा धरत तो यासाठीच.

बिघडायच्या जागा बऱ्याच. एकाच घडीवर दाब पडत राहिला तर ती घडी कायमची बसते, म्हणून कापड मधूनमधून बाहेर काढून, ताणून, नव्याने रचावं लागतं. तुडवणं कमी पडलं तर सुतं मोकळी दिसतात, जास्त झालं तर पुठ्ठा होतो. माती नीट निघाली नाही तर रंगात डाग. शेवटी कापड लाकडी चौकटीवर, वर-खाली आकड्यांच्या रांगांना अडकवून ताणून वाळवायचं. (जीव टांगणीला लागणं या अर्थाचा इंग्रजीतला 'टेंटरहुक्स' तो हाच आकडा.) इथे लबाडीही चाले: आटलेलं कापड वाजवीपेक्षा जास्त ताणून पन्हा भरून दाखवायचा, गिऱ्हाइकाकडे पहिल्या पावसात ते पुन्हा आखडणार. कापडाच्या रुंदीची अट १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या सनदेत आहे, म्हणजे भानगड किती जुनी ते बघा.

बाराव्या शतकापासून पायांची जागा पाणचक्कीने घेतली. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या ११८५ च्या मालमत्ता-नोंदीत यॉर्कशरमधल्या न्यूसमला आणि ग्लॉस्टरशरमधल्या बार्टनला अशा गिरण्या आहेत. पाण्याच्या चाकाचा आस फिरे, त्यावरचे दात दोन जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलून सोडत. माणूस कुंडाबाहेर आला, धंद्याचं नाव तेच राहिलं. उत्तरेत त्या गिरणीलाच 'वॉक मिल' म्हणत.

आता तीन आडनावं. हे तीन प्रदेशांचे तीन शब्द आहेत. उत्तर इंग्लंड, मिडलंड्स आणि स्कॉटलंडात वॉकर: जुन्या इंग्रजीत घोळणं, उलटसुलट करणं या अर्थाच्या धातूपासून. आजचं 'वॉक' त्याच धातूचं. पायी चालणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आग्नेयेकडे आणि ईस्ट अँग्लियात फुलर, मूळ लॅटिन 'फुल्लो'. नैऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर, ज्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ छळणं! एक्सेटरला विणकर आणि टकर मंडळींच्या संघाची जुनी इमारत 'टकर्स हॉल' आजही उभी आहे, आणि कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्समध्ये या गिरणीला 'पांडी' म्हणत. टोनिपांडी या गावाच्या नावात ती सापडेल.

चौदाव्या शतकात विक्लिफ या इंग्लिश धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं. त्या भाषांतराच्या पहिल्या पाठात, मार्कच्या नवव्या अध्यायात, ख्रिस्ताची वस्त्रं कशी शुभ्र झाली ते सांगताना 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत. दोन्हीकडच्या वाचकांना कळावं म्हणून. मागाहून रचल्याच्या तुमच्या शंकेला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका टेबलाभोवती बसून ओलं कापड आपटत, गाणी म्हणत. त्या कामाचं इंग्रजी नावही 'वॉकिंग'च, फक्त स्पेलिंग वेगळं.

जंगलाच्या रखवालदारालाही 'वॉकर' म्हणत हे खरं आहे. पण तो अर्थ कागदोपत्री उशिरा येतो, तोवर आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली होती. शिवाय रखवालदारांची स्वतःची आडनावं आहेत: फॉरेस्टर, पार्कर, वुडवर्ड. चालणाऱ्या माणसाची कल्पना आपल्या डोक्यात पक्की बसवली ती बहुधा व्हिस्कीने. किलमार्नॉकच्या जॉन वॉकरचं दुकान १८२० चं. ढांगा टाकणारा तो टोपीवाला १९०८ मध्ये आला, निव्वळ जाहिरात म्हणून. आपले पडद्यावरचे जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, त्याच बाटलीवरून.

संख्येची शंका मात्र खरोखर चांगली आहे. विणकर कितीतरी जास्त होते, तरी वेबस्टरपेक्षा वॉकर जास्त. एक कारण असं की विणकरांचं आडनाव वेब, वेबर, वेबस्टर, वीव्हर असं फुटलं. दुसरं मला जास्त पटतं: घरोघरी माग असतील तर 'विणकर' म्हणून कुणाला वेगळं ओळखणार? तुडवणारा पंचक्रोशीत एखादाच, म्हणून नाव चिकटलं, स्मिथचं, म्हणजे लोहाराचंही असंच. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात यॉर्कशर-लँकेशरच्या गिरणगावांत लोकसंख्या फुगली आणि तिथलं आडनावही. अमेरिकेत २००० च्या जनगणनेत वॉकर २८ व्या क्रमांकावर होतं, पाच लाखांहून अधिक माणसं, त्यांत साधारण तीनांत एक कृष्णवर्णीय. एवढ्या लोकांचा मूळपुरुष एक असणं शक्य नाही. गावोगावी हे आडनाव स्वतंत्रपणे पडलं.

म्हणूनच ती ढाल बाजूला ठेवा. इंग्लंडात ढाल-चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. दुकानात 'घराण्याची ढाल' म्हणून विकतात ती कुठल्या तरी एका वॉकरची. खरंच शोधायचं असेल तर सूनबाईंच्या आजोबा-पणजोबांपासून मागे जा. १८३७ पासून जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद मिळते. १८५१ ची जनगणना जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, सांगते. १८४१ च्या जनगणनेत फक्त 'याच परगण्यात जन्म का' एवढंच आहे, तिच्यावर विसंबू नका. त्या पॅरिशच्या चर्चची वही नशीब असेल तर १५३८ पर्यंत जाते. शोध यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातल्या लोकरीच्या खोऱ्यांत गेला तर तुडवणारा जवळपास नक्की समजा. स्कॉटिश हायलँड्समध्ये गेला तर गेलिक आडनाव तपासा: 'तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचं तिथलं नाव इंग्रजी कारकुनांनी सरळ वॉकर करून टाकलेलं असतं.