एसटीतला वॉचमन

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना होता. सांगली स्टँडवर एसटीत जागा मिळाली, पण शेजारी हळदीचं पोतं आणि पोत्यामागं फेटेवाले आजोबा. त्यांची नजर माझ्या बुटांवर.

"पावनं, बुटाला खिळं कशाला?"

"फुटबॉल खेळतो, आजोबा. कोल्हापूरच्या तालमीकडून."

"तालमीत कुस्ती करत्यात."

आता काय सांगणार! कोल्हापुरात तालमींच्याच फुटबॉल टीम असतात. दोन पेठांची मॅच लागली की दोन्हीकडची माणसं कामधंदा सोडून गॅलरीत. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात ब्राझील-अर्जेंटिनाचे फ्लेक्स. आमच्या सांगलीत फ्लेक्स वाढदिवसाचेच.

"गोल किती मारलं?"

"मी बॅक आहे. गोल मारत नाही, होऊ देत नाही."

आजोबांनी अंकलीचा पूल येईपर्यंत विचार केला. मग अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजी वॉचमन!"

कंडक्टर हसला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी तर वळून बघितलं, कसा दिसतो ते.

"माझा पुतण्या कारखान्यावर वॉचमन हाय. पगार, फंड, दिवाळीला बोनस. तुमास्नी?"

मला मानधन. स्पर्धा संपल्यावर, देणाऱ्यानं फोन उचलला तर. एरवी हार्डवेअरच्या दुकानात बिलं लिहितो, मालक मॅचच्या दिवसाचा पगार कापतो. गुडघ्याचा एमआरआय माझ्या खिशातून. कप जिंकला की फोटोत पुढं पदाधिकारी, त्यांच्या खांद्यावरून दिसलं तर आमचं कपाळ. हे सगळं आजोबांना सांगितलं नाही. "मिळतं थोडंफार," म्हणालो.

"आपल्या गोळेश्वरच्या खाशाबानं 52 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकात कुस्तीत एकट्यानं मेडल आणलं. तुमी अकरा जणांनी काय आणलं?"

"1956 ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला होता."

"चवथ्याला काय देत्यात?"

आता मीही इरेला पेटलो. म्हटलं, कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

"तुमच्या बरोबरचा?"

"नाही, लहान आहे."

"मग ह्यो म्हागं कसा ऱ्हायला?" हा प्रश्न त्यांनी मला नाही, कंडक्टरला विचारला. कंडक्टरही गंभीरपणे मान हलवू लागला, जणू निवड समितीवर तोच होता.

जयसिंगपूर स्टँडवर कंडक्टर नोंद करायला उतरला, तसे आजोबाही तंबाखू आणायला निघाले. जाताना पोतं माझ्याकडं ढकललं. "ध्यान ऱ्हाऊ द्या. तुमचंच काम हाय."

राग आला होता. पोत्याकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात एक कॉलेजकुमार चढला आणि बसायला जागा करावी म्हणून पोतं ओढू लागला. माझा पाय आपोआप आडवा गेला. पोरगं धडपडलं, पोतं जागेवर.

आजोबा खालून खिडकीतून बघत होते. वर येऊन त्यांनी पोतं चाचपलं आणि कंडक्टरला म्हणाले, "पोरगं कामाचं हाय. पुतण्याला इचारतो, कारखान्यावर एक जागा हाय म्हनं."

मग माझा मोबाईल नंबर मागितला. मी दिला.