नाकारलेला क्लेम नाकारलेलाच कसा ठेवावा

गाडीची वॉरंटी चालू असताना तिला मोठे टायर बसवून घेणे हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, आणि पुढे एखादा भाग निकामी झाला की कंपनीने तो फुकट बदलून द्यावा, हा त्याहून मोठा हक्क आहे. पहिला हक्क मुंबई नाक्यापासून आडगाव नाक्यापर्यंतचा कोणताही टायरवाला तासाभरात मिळवून देतो. दुसऱ्यासाठी मात्र भांडावे लागते, आणि भांडण्याची योग्य रीत ठाऊक नसल्यामुळे नाशिकमधील काही गाडीमालक चक्क जिंकून बसतात, असे ऐकिवात आहे. तसा प्रसंग आपल्यावर येऊ नये, म्हणून पुढील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.

आधी टायरांविषयी. गाडीबरोबर आलेला टायर २१५/७५ आर १५ असेल, तर आपण २३५/७५ आर १५ घ्यावा. या आकड्यांचा अर्थ समजून घेण्याच्या फंदात पडू नये, कारण तो फार लवकर समजतो. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा, दुसरा टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगणारा, आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा, इंचांत. एवढे कळले की माणूस गुणाकार करतो आणि जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, तर नव्याचा ७३३.५ मिलिमीटर निघतो. व्यास ३० मिलिमीटरने वाढला तरी गाडी जमिनीपासून त्याच्या निम्मीच, म्हणजे १५ मिलिमीटर, उचलली जाते; आणि हरिहर किल्ल्याच्या पायथ्याशी हर्षेवाडीच्या वाटेवरील ज्या दगडासाठी आपण हा सारा खर्च केला, तो दगड या दीड सेंटिमीटरला दाद देईलच असे नाही. वडिलांच्या चपला घालून अंगणात मिरवणाऱ्या पोराला जशी आपली उंची वाढल्याची खात्री असते, तशीच खात्री आपण बाळगावी.

त्यापेक्षा मीटरकडे पाहावे. चाकाच्या एका फेरीत गाडी आता सव्वाचार टक्के जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे धावत असते, आणि वॉरंटीची १,००,००० किलोमीटरची मर्यादा मीटरवर संपते तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १,०४,२६० किलोमीटर झालेले असतात. कंपनीकडून चार हजारांहून अधिक किलोमीटर फुकट उकळल्याचे हे समाधान मनात ठेवू नये. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, चार माणसे ऐकतील अशा आवाजात ते सांगावे, म्हणजे आपल्या बाजूने सहानुभूती निर्माण होते.

आता मुख्य मुद्दा, जो आपण कोणत्याही परिस्थितीत काढायचा नाही. अशा वादात विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो. कोणता भाग बिघडला, आणि तो टायरमुळे बिघडला का? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा देता येते, हीच त्याची अडचण आहे. टायर जड आणि रुंद झाला आणि वर चाक बाहेरच्या बाजूला काढणारे अलॉय (मिश्रधातूचे रिम) बसवले, की भाराचा रेटा हबपासून दूर जातो आणि व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट व टाय रॉडचे टोक या चाक फिरते-वळते ठेवणाऱ्या भागांवर जास्त ताण येतो. व्यास वाढल्याने गाडी जणू वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी चालते, त्यामुळे नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट चढताना क्लचला जास्त घासावे लागते. तेव्हा पुढच्या चाकातून घूं घूं आवाज येऊ लागला आणि कंपनीने टायरांकडे बोट दाखवले, तर तिच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण समजा, एप्रिलच्या उन्हात एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. तो इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो. टायर किती रुंद आहे याची त्याला वार्ताही नसते. तरीही काउंटरवरचा सर्व्हिस अॅडव्हायझर गाडीला एक प्रदक्षिणा घालतो आणि म्हणतो, “सर, टायर साइज वेगळी आहे, क्लेम बसणार नाही.”

हे वाक्य ऐकताच आपल्या हाती जवळजवळ जिंकलेला दावा आलेला असतो. म्हणून इथून पुढे फार सावध राहावे लागते.

सर्वप्रथम, टायरांचा गाडीतील कोणत्याही बिघाडाशी कधीच संबंध नसतो, अशी सरसकट भूमिका घ्यावी आणि कॉम्प्रेसरच्या जोडीला बेअरिंग व क्लचही त्याच तक्रारीत घुसवावेत. क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड हे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीतून सहसा वगळलेले असतात, हे पुस्तिकेत छापलेले असते. पण पुस्तिका हातमोज्यांच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीसह जशी आली तशीच ठेवण्याची आपली परंपरा आहे. समोरच्यानेही टायरांचा संबंध प्रत्येक बिघाडाशी असतो, अशी तितकीच सरसकट भूमिका घेतलेली असल्यामुळे दोघांचीही उत्तम सोय होते. कुणालाच गाडीखाली वाकून पाहावे लागत नाही. (गाडीखाली वाकणारा तेथील एकमेव माणूस मेकॅनिक असतो, आणि त्याचे मत विचारण्याची पद्धत नाही.)

एवढ्याने भागत नसेल, तर खड्ड्यांचे नाव घ्यावे. सिंहस्थाच्या तयारीने रस्ते खोदले आहेत, द्वारका चौकात गाडी आदळली आणि त्या हादऱ्याने कॉम्प्रेसर गेला, असे ठासून सांगावे. बाहेरून बसलेल्या आघाताने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, हे कलम जवळपास प्रत्येक वॉरंटीत असते. टायरांच्या बचावासाठी आपण स्वतःहून दुसऱ्या कलमात पाऊल टाकले, हे पाहून अॅडव्हायझर ते वाक्य आनंदाने लिहून घेईल.

तो जे लिहून घेतो त्याला जॉब कार्ड म्हणतात. त्यावर सही करावी, वाचू मात्र नये. “एसी गार हवा देत नाही, कॉम्प्रेसर फिरत नाही” अशी नेमकी तक्रार तिथे नोंदवली गेली आणि त्याची प्रत आपल्याकडे राहिली, तर पुढे सगळे अवघड होऊन बसते. त्याहून धोकादायक म्हणजे नकार लेखी मागणे. कोणत्या कलमाखाली क्लेम नाकारला आणि टायरमुळे हा भाग कसा बिघडला, हे ईमेलवर कळवा, एवढी एकच ओळ लिहिली की सर्व्हिस सेंटरमध्ये शांतता पसरते. कारण टायर आणि कॉम्प्रेसर यांना एका वाक्यात बसवणे तोंडी सोपे असते, कागदावर नसते. म्हणून तोंडी नकारावर समाधान मानावे आणि राग घरी घेऊन जावा.

काही जण सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री मित्राचे जुने टायर उसने आणून बसवतात. ही युक्ती अवश्य करावी. गाडीचे फोटो मागच्या सर्व्हिसिंगच्या नोंदीत असतात, चाकावरच्या कमानीला (आर्चला) आतून रबर घासल्याच्या खुणा असतात, आणि ज्या कॉम्प्रेसरसाठी टायर बदलण्याची काडीचीही गरज नव्हती, त्याच्यासाठीही आपण काहीतरी लपवत होतो, हे एका रात्रीत सिद्ध होते.

पावतीचेही असेच. टायर रोखीने, बिलाशिवाय घ्यावेत. करात वाचलेले पैसे पुढे वकिलाला उपयोगी पडतात. मोठे टायर जर खुद्द शोरूमनेच अॅक्सेसरी म्हणून गळ्यात मारले असतील, तर त्यांचे बिल विशेष आठवणीने हरवावे. टायरांवरून नकार देणाऱ्यानेच ते टायर विकले आणि बसवले, हे सांगणारा तो एकमेव कागद असतो. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतः मोठा टायर देते का, हेही पाहू नये. देत असेल तर आपला युक्तिवाद कारण नसताना बळकट होतो.

कायद्याचा आधार घ्यायचाच असेल, तर तो अमेरिकेचा घ्यावा. तिकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरती मात्र नाकारता येते. या नियमाचा पूर्वार्ध मोबाइलवर मोठ्या अक्षरांत काढून मॅनेजरला दाखवावा. उत्तरार्ध कापावा. तो कायदा नाशिकला लागू नाही, हे मॅनेजरला ठाऊक असण्याची शक्यता आहे, पण आपला अभ्यास पाहून तो चहा मागवेल.

चहा संपेपर्यंत ओळखी काढाव्यात. नाशिक हे गाड्या बनवणारे गाव असल्यामुळे प्रत्येकाचा एक मामा सातपूर नाही तर अंबडच्या कंपनीत असतोच. मामांनी फोन करावा, मामांच्या साहेबांनी फोन करावा, प्रभागातील माजी नगरसेवकांनीही करावा. वॉरंटीचा खर्च वितरकाच्या खिशातून जात नाही. तो क्लेम कंपनीकडे पाठवतो, मंजुरी तिथून येते आणि पैसेही तिथूनच मिळतात. त्यामुळे ज्याच्यावर आपण ओरडतो त्या सिडकोतल्या टाय लावलेल्या पोराच्या हाती काहीच नसते. पण तो समोर असतो, आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायला मराठी माणसाला ईमेलचा विषय सुचत नाही.

एवढे करूनही दावा जिवंत राहिला, तर पुरावा संपवावा. वैतागून गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये न्यावी, कॉम्प्रेसर बदलून घ्यावा आणि जुना तिथेच भंगारात सोडून यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम ३८ नुसार, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वस्तूच नसली की प्रयोगशाळेचा आणि सत्याचा दोघांचाही वेळ वाचतो. ज्यांना जुना भाग पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून ठेवण्याची आणि बदलण्याआधी समोरच्याला पाहणीसाठी लेखी कळवण्याची खोड आहे, त्यांच्याशी या विषयावर बोलू नये. तसेच ग्राहक पंचायतीच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांपासूनही दूर राहावे. ते आपली कर्मकहाणी ऐकण्याआधी कागद मागतात.

जिल्हा ग्राहक आयोगाचे नाव निघालेच, तर तिथे फार खर्च येतो, असे सांगून विषय बदलावा. प्रत्यक्षात ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात चालते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे, वकील देणे बंधनकारक नाही, आणि आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याआधी फोनही करता येतो. हे सर्व शेजाऱ्यांना कळू देऊ नये.

तरीही कुणी आग्रहाने तक्रार लिहायला बसवलेच, तर ती आत्मचरित्रासारखी लिहावी. कॉम्प्रेसरला शेवटची दोन वाक्ये द्यावीत आणि बाकी पाने टायर, अलॉय, स्पेसर (चाक बाहेर काढणाऱ्या चकत्या), उंच केलेले सस्पेन्शन आणि बदललेला सायलेन्सर यांच्या अभिमानास्पद वर्णनाला, शपथेवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाह्य फेरबदलांसाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची, शिवाय सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. पेठ रोडच्या आरटीओला एवढी तयार यादी सहसा मिळत नाही. गाडी फर्मच्या नावावर घेऊन पर्यटकांना त्र्यंबकेश्वर दाखवायला भाड्याने दिली असेल, तर तेही अभिमानाने नमूद करावे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक कायद्याने ग्राहक ठरतो की नाही, यावरच मग वर्ष काढता येते.

मध्येच कधीतरी कंपनीकडून फोन येईल की गुडविल म्हणून सुट्या भागाची निम्मी किंमत आम्ही सोसतो, मजुरी तेवढी तुमची. कॉम्प्रेसरच्या बाबतीत हा देकार अपुरा आहे आणि बेअरिंगच्या बाबतीत तो बराच उदार आहे, असा फरक करण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही एकाच तत्त्वावर, एकाच सुरात फेटाळावेत आणि फोन कुणाचा होता, कधी आला, याची नोंद ठेवू नये.

त्यानंतर थांबावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते, आणि दोन वर्षे म्हणजे दोन दिवाळ्या, दोन लग्नसराया आणि दोन पावसाळे एवढाच काळ. मुदत उलटल्यावरही अर्ज करता येतो, मात्र उशिराचे पुरेसे कारण लेखी द्यावे लागते आणि आयोगाला ते पटावे लागते. तिथे आपण खरे तेच लिहावे, की मामांच्या साहेबांच्या फोनची वाट पाहत होतो.