एवढे पैसे देऊन टच नाही?

मागणी साधी होती. लॅपटॉप सव्वा किलोच्या आतला, पडदा मॅट, टच नको. यात अपमान होण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटणार नाही. पण ठाण्यातल्या त्या दुकानात काउंटरला टेकून एक काका उभे होते. त्यांच्या हातात मिक्सरचं भांडं होतं. भांड्याचं रबर मिळत नव्हतं, गोदामात शोधायला माणूस गेला होता, आणि तोवर काकांना उद्योग नव्हता.

विक्रेत्या मुलानं डेमोचा लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. मी काही बोलायच्या आत काकांनी भांडं डाव्या काखेत मारलं, मध्ये हात घातला आणि पडद्यावर तर्जनी दाबली. काही झालं नाही. मग आत माणसं आहेत हे पक्कं ठाऊक असताना दाराची बेल दाबतात तशी दाबून धरली. बोटाभोवती जांभळी-हिरवी वलयं उठली.

"आले बघा रंग! टच आहे. फक्त चालत नाही."

"काका, दाबू नका. हा टचचा नाहीच."

"नाही कसा? मग रंग कुठून आले?"

आता हे समजावून सांगणं आलं. नॉन-टच पडद्यावर बहुधा वेगळी जाड काच नसते. वरच्या फिल्मखाली लगेच पॅनेल असतं आणि त्यातला द्रवस्फटिकाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. बोटानं दाबलं की त्या थराची जाडी बदलते, तिथला प्रकाश वेडावाकडा जातो आणि रंग फाकतात. फार जोरात किंवा पुन्हा पुन्हा दाबलं तर मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पातळ थरांवर खूण उमटते आणि पांढऱ्या पानावर कायमचा उजळ डाग दिसतो. टचला दाब लागतच नाही. त्यात पारदर्शक तारांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, आणि कंट्रोलर नावाची चिप दर सेकंदाला अनेकदा ती जाळी तपासून बोट कुठे आहे ते सांगते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पुन्हा बोट दाबलं.

शेवटी पुरावाच दाखवला. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. खाली 'पेन अँड टच' अशी ओळ असते. टच असेल तर तिथे किती बोटं एकाच वेळी ओळखता येतात तेही लिहिलेलं असतं, बहुतेकदा दहा. इथे लिहिलं होतं: नो पेन ऑर टच इनपुट इज अव्हेलेबल फॉर धिस डिस्प्ले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते वाक्य बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. पडद्यावर बोट फिरवतच.

"म्हणजे कंपनीनं स्वतः लिहून दिलंय, की यात नाही. आणि तरी तुम्ही घेताय?"

"मला नकोच आहे टच."

"केवढ्याला हा?"

"पंच्याऐंशी, सर," मुलगा म्हणाला. उत्तर काकांना दिलं. गिऱ्हाईक मी होतो.

"पंच्याऐंशी हजार! आमच्या नातवाचा आठ हजारांचा मोबाइल टच आहे."

"काका, मॅकबुक एअरलासुद्धा टच नाही."

"म्हणून तर त्यांचं सफरचंद उष्टं."

यावर दुकानात हशा पिकला. रोख भरायला थांबलेल्या बाईसुद्धा हसल्या. वारा कुठला आहे ते बघून त्या मुलानं लगेच बाजू बदलली. "सर, काका बरोबर बोलतायत. फ्युचर-प्रूफ पाहिजे तर टचच घ्या. सातच हजार वाढतील." आणि मग काका माझ्या जवळ सरकले, आवाज उतरवला, पण उतरवलेला आवाजही रोख भरणाऱ्या बाईंपर्यंत नीट पोचेल इतकाच उतरवला, आणि म्हणाले, "ईएमआयवर घ्या हो. लाजायचं काय त्यात?"

हे वाक्य अजून पचलेलं नाही. म्हणून त्या सात हजारांचा हिशेब इथे मांडतो. तिथे मांडता आला नाही, कारण तेवढ्यात रबर सापडलं.

पहिलं वजन. चौदा इंची, १६:१० आकाराच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ५७० चौरस सेंटीमीटर भरतं. त्यावर कडेपासून कडेपर्यंत अर्धा मिलिमीटर जाडीची काच बसवली, तर काचेची घनता २.५ धरून सत्तर ग्रॅम वाढतात. पॅनेलच्या आतच जाळी घातलेली असेल तर वाढ फारच थोडी, पण ते कुठल्या मॉडेलमध्ये आहे हे सांगणारा विक्रेता मिळायचा आहे. सत्तर ग्रॅम म्हणजे काही मोठं ओझं नाही, हे कबूल. पण ते चुकीच्या ठिकाणी वाढतात. झाकण जड झालं आणि वर त्याला समोरून बोटानं ढकलायचं, म्हणजे हलका लॅपटॉप मागे कलंडायला बघणार. तो कलंडू नये म्हणून बिजागरी घट्ट करा, खालच्या भागात वजन ठेवा. चौदा इंची एलजी ग्रॅम ९९९ ग्रॅममध्ये बसतो. पडदा पूर्ण उलटा फिरणारे त्याच आकाराचे टचवाले बहुधा १.३ ते १.४ किलोच्या घरात का असतात, याचं बरंचसं उत्तर त्या बिजागरीत आणि काचेत आहे.

एवढं करूनही बोट लावलं की पडदा डुलतोच. डुलणं थांबेपर्यंत पुढचं बटण दाबता येत नाही. दाबलं तर शेजारचं दाबलं जातं. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये मंचावरून सांगितलं होतं की उभ्या पडद्यावर टच करून पाहिलं, थोड्या वेळानं हात गळून पडायची वेळ येते. त्यांची सगळीच मतं मानायची गरज नाही, पण हे मत खांद्याला विचारून तपासता येतं. टेबलावर कोपर न टेकता दहा मिनिटं हात समोर धरून बघा.

आणि हा हट्ट काही आजचा नाही. एचपीनं १९८३ मध्येच एचपी-१५० नावाचा टचचा संगणक काढला होता. त्याच्या नऊ इंची पडद्याच्या चौकटीत बारीक भोकं होती आणि त्यांतून इन्फ्रारेड किरण आडवे-उभे जात. बोटानं किरण अडला की जागा कळायची, काचेला हात लावायचीही गरज नाही. त्या भोकांत धूळ बसायची हा भाग वेगळा. मग २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं, स्टार्टचं बटण गेलं, भल्यामोठ्या चौकोनी फरश्या आल्या, आणि लॅपटॉपला टच नसणं म्हणजे काहीतरी कमीपणा अशी समजूत बाजारात रुजली. बटण नंतर परत आलं. समजूत काही गेली नाही.

बॅटरीचं गणित तोंडी होतं. हलक्या लॅपटॉपची बॅटरी साधारण ५५ वॅट-तासांची असते आणि लिहिणं-वाचणं चालू असताना तो पाचेक वॅट खातो, म्हणजे अकरा तास. टचची ती कंट्रोलर चिप जाळी तपासत बसते त्याचे, वाईटात वाईट, अर्धा वॅट धरा. झाले दहा तास. त्यात टचवाल्या मॉडेलला अनेकदा जास्त पिक्सेलचा किंवा ओलेड पडदा जोडून देतात आणि तो टचपेक्षाही जास्त खातो, हे वेगळंच.

चकाकीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. उघड्या काचेच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आकडा लहान वाटतो, पण पाठीमागे खिडकी असेल तर एक्सेलच्या काळ्या-करड्या तक्त्यात खिडकीचे गज आणि स्वतःचं कपाळ मोजता येतं. मॅट पडदा तोच प्रकाश पसरवून टाकतो, बदल्यात अक्षरांवर किंचित रवाळपणा येतो. मॅट टचही मिळतात आणि चकचकीत नॉन-टचही, त्यामुळे खोक्यावर 'अँटी-ग्लेअर' हा शब्द वेगळा शोधावा लागतो. बोटांचे ठसे मात्र दोन्हींवर उमटतात. पुसायला खिडकी पुसायचा अमोनियाचा फवारा वापरू नका, लेप जातो. मायक्रोफायबरचं कापड जरासं ओलं करा, पडदा बंद ठेवा, आणि पाणी कापडावर घ्या, पडद्यावर नको.

आपल्याकडचा खास त्रास वेगळाच आहे: अर्थिंग. हलक्या लॅपटॉपचे बरेच चार्जर दोन पिनांचे असतात. तीन पिनांचा असला तरी जुन्या इमारतीत तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. मग चार्जरच्या आतला विजेचा गोंगाट जमिनीत न जाता लॅपटॉपच्या अंगावर येतो, धातूच्या कडेला मनगटाला मुंग्या येतात, आणि टचची चिप त्यालाच बोट समजते. कर्सर उड्या मारतो, पडद्यावरच्या खिडक्या आपोआप मिटतात. चार्जर काढला की भूत उतरतं. पावसाळ्यात छत्रीचे थेंब काचेवर पडले तरी हाच खेळ. तात्पुरता उतारा असा: डिव्हाइस मॅनेजर उघडा, ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसमध्ये जा, एचआयडी-कंप्लायंट टच स्क्रीनवर उजवी क्लिक करा, डिसेबल. म्हणजे सात हजार देऊन घ्यायचं आणि चार क्लिकमध्ये बंद करायचं.

आता कुणी घ्यावा? ज्याचा पडदा पूर्ण उलटा फिरतो आणि ज्याला पेन लागतं त्यानं जरूर घ्यावा. वहीसारखा आडवा ठेवून गणितं सोडवणारे शिक्षक, आराखड्यावर खुणा करणारे, दिवसातून वीस पीडीएफवर सही करणारे. मनगट दुखतं म्हणून टचपॅड नको असलेलेही. पण टच आहे म्हणजे पेन चालेल असं नाही. मायक्रोसॉफ्टची पेन पद्धत वेगळी, वॅकॉमची एईएस वेगळी, क्रोमबुकवरची यूएसआय वेगळी. यातल्या पहिल्या दोन्ही चालवणारी पेनं असतात, पण खोक्यावर वाचूनच घ्यावीत. आणि 'आत्ता नॉन-टच घेऊ, नंतर बदलून टाकू' हेही मनातून काढा. नॉन-टच पॅनेलची केबल बहुधा ३० पिनांची, टचची ४० पिनांची. पॅनेल, केबल, कधी झाकण, कधी मदरबोर्डवरचं कनेक्टरसुद्धा आड येतं. उलट बाजूनं, काच पॅनेलला चिकटवलेला टच फुटला की दोन्ही एकत्रच बदलावं लागतं.

मला खरा राग आहे तो यापुढचा. नॉन-टच मागणारा माणूस पैसे वाचवणाराच असणार, असं कंपन्यांनीही गृहीत धरलंय. त्याच मालिकेतला स्वस्त नॉन-टच बघा: २५० किंवा ३०० निट्सचा उजेड, रंग ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवता येतात याचं माप), म्हणजे लाल रंग विटकरी. चांगला ४०० निट्सचा, १०० टक्के एसआरजीबीचा, म्हणजे नेहमीचे सगळे रंग दाखवणारा पडदा हवा तर बरोबर टच घ्या. ३२ जीबी रॅम हवी तरीही टच घ्या. या पातळ लॅपटॉपांत रॅम बहुधा बोर्डावर झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे रॅमसाठी काच विकत घ्यायची.

मुलानं शेवटी फोन लावून विचारलं. मॅट, ४०० निट्स, ३२ जीबी, नॉन-टच मिळतो. पण ऑर्डरवर. पूर्ण पैसे आगाऊ, परत घेणार नाहीत, तारीख सांगता येत नाही, आणि टचवाल्यापेक्षा चार हजार जास्त.