तळपायातून ‘विष’ निघत नाही

आमच्या बेळगावातल्या वडगावात भिशीच्या ग्रुपपासून भजनी मंडळाच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच मजकूर फिरतोय. आयुर्वेदाची रात्रचर्या पाळा: सूर्यास्तापूर्वी जेवा, रात्रीचं दही म्हणजे विष, दहा ते दोन झोपला नाहीत तर लिव्हर सडतं, काशाच्या वाटीनं तळपाय घासले की शरीरातलं काळं विष बाहेर पडतं. चाळीस दिवसांत शुगरच्या गोळ्या बंद! मी स्वतः रोज पायांना तूप चोळून झोपते, म्हणून तर हे वाचून जीव तुटतो.

आधी वाटीचं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना धातूचा बारीक अंश तुपात उतरतो आणि तूप काळं पडतं. मी जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा पाटावर पसरला, त्यावर तूप घालून वाटी घासली, तर फडकंही काळं झालं. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे, म्हणजे पायांना तेल-तूप चोळण्याचे, गुण सांगितलेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा जातो, नजर प्रसन्न होते. विष निघण्याचं तिथं काही नाही.

यात धोकाही आहे. माझ्या मामीला बारा वर्षांची शुगर, पाय बधिर. तिनं तेल गरम करून वाटीनं घासलं, चटका कळलाच नाही. सकाळी टाचेला हा एवढा फोड. तो भरायला तीन महिने लागले. शुगर असेल तर तेल कोमट आहे का ते घरातल्या दुसऱ्यानं हात लावून बघावं, बोटांच्या बेचक्यांतलं तेल पुसून घ्यावं.

सूर्यास्ताचं म्हणाल तर आपल्याकडं डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, जूनमध्ये सातनंतर. उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला असलेल्या माणसानं तेव्हा कुठं जेवायचं? त्यानं कामावर जाताना भरपेट जेवावं आणि रात्री घरी आल्यावर पेज किंवा मुगाचं कढण घ्यावं. जड जेवून लगेच आडवं होऊ नये, एवढं त्यातलं खरं.

दहा ते दोनचं घड्याळ ग्रंथात नाही. रात्रीचा मधला भाग पित्ताचा, इतकंच आहे. उलट जागणाऱ्यांची सोय आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं करून ठेवलीय: सवय नसताना जागरण झालं तर जितकं जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी न जेवता झोपा. रात्रपाळीवाल्या घरांना हे कुणी पाठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सकाळी तो माणूस झोपला असेल तर कुकरची शिट्टी, टीव्ही, पोरांचा दंगा तेवढा आवरा.

दह्याची रात्री मनाई खरी आहे. पाळावी, पण चुकून खाल्लं म्हणून घाबरू नये.

आणि गोळ्या. लवकर जेवून, नीट झोपून साखर खाली येऊ शकते. डोस कमी करायचा की नाही हे रक्त तपासून डॉक्टरच ठरवतील. चाळीस दिवसांची ती ओळ तुमच्या ग्रुपवर आली असेल तर आजच काढायला लावा, आणि कुणी गोळ्या थांबवल्यात का ते घरोघरी विचारा.