मेमरी "तेज" करायला सांगणाऱ्या भाऊसाठी

दिवाळीपासून एक मेसेज फिरून राहिला आहे राजेहो, "एसपीडी-एसएक्सची मेमरी डबल करायचे पाच उपाय, सगळ्या पॅडवाल्यांना पाठवा." एसपीडी-एसएक्स म्हणजे रोलँड कंपनीची पॅडवाली मशीन, आत आवाज भरायचे अन् पॅडवर स्टिक मारून वाजवायचे. मी वाचून सोडून दिला होता, म्हटलं वाजवणारे पोट्टे हुशार आहेत. पण माझ्या भाच्यानंच तो खरा मानला, अन् तेही मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेतल्या, नाटकाला निघता निघता, म्हणून आता लिहावंच लागते.

चौथा उपाय पहिले घेतो, कारण वाट त्यानंच लावली. "मेमरी भरत आली की आवाज मधातच कटतो, म्हणून महिन्यातून एकदा फॅक्टरी रिसेट मारा, मेमरी तेज होते." काहून, मेमरी म्हणजे विळा आहे का धार लावायला? फॅक्टरी रिसेट म्हणजे मशीन खोक्यातून निघाली तेव्हा होती तशी करणे, तुम्ही भरलेलं सगळं साफ. भाच्याचे एकशे चाळीस आवाज होते, वीज, एसटीचा हॉर्न, वाड्याचा करकरणारा दरवाजा, पिस्तूल, तीन सीझन लागले त्याला ते जमवायला. टेम्पोत बसल्या बसल्या रिसेट मारला, मशीन चालू झाली, आवाज येऊन राहिला म्हणून पुढं काही तपासलंच नाही. ब्रह्मपुरीकडचं गाव, मंडप भरलेला, पहिल्याच प्रवेशात व्हिलननं पिस्तूल रोखलं, भाच्यानं पॅडवर स्टिक मारली अन् निघालं काय तर "टिंग". मरणारा नट बिचारा उभाच, मरू का नको.

दुसऱ्या दिवशी मले म्हणते, "मामाजी, पण आवाज कटत होता नं." अरे, मेमरी भरली तर मशीन नवीन आवाज घेत नाही, एवढंच. आत असलेला आवाज त्यानं कटत नाही. कटते ते बाकीच्या कारणानं. ही मशीन एका वेळी जास्तीत जास्त २० व्हॉइस, म्हणजे एकदम वाजणारे आवाज, वाजवते, लांब शेपटीचे, म्हणजे हळूहळू विरणारे आवाज एकावर एक चढवले की जुना सुटते. नाहीतर म्यूट ग्रुप. एका ग्रुपातला पॅड दुसऱ्याला गप्प करते, अन् भाच्यानं वीज आणि पाऊस एकाच ग्रुपात टाकलेले होते, त्यानंच मले मग सांगितलं. म्हणजे वीज कडाडली की पाऊस बंद! अन् दोष मेमरीचा.

बरं, मेमरी भरली तरी होती का? रोलँडच्या मॅन्युअलमध्ये शेवटी स्पेसिफिकेशनचं पान आहे, मेसेज लिहिणाऱ्यानं ते एक पान उघडलं असतं तरी हे सगळं टळलं असतं. आत २ जीबी, आधीपासून भरून आलेले आवाज काढले तर स्टिरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा) साधारण १८० मिनिटं, मोनोत (दोन्हीकडं एकच) ३६०. भाच्याचे १४० आवाज सरासरी सहा सेकंदाचे धरा, १४ मिनिटं झाली. स्टिरिओचं एक मिनिट साधारण १० एमबी, म्हणजे सगळे मिळून दीडशे एमबीच्या आत. कोठी रिकामी पडली आहे अन् हा म्हणते धान ठेवायला जागा नाही.

दुसरा उपाय तर कहर आहे. "आवाज आधी एमपीथ्री करा, मग परत वेव्ह करा, साईज दहापट कमी." भाऊ, हा पॅड एमपीथ्री घेतच नाही, वेव्ह नाहीतर एआयएफएफ प्रकारची फाईल लागते. अन् वेव्हची साईज आवाज किती लांब आहे त्यावर ठरते, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल), एकेक २ बाइटचा, स्टिरिओ असला की दुप्पट, झाले १,७६,४०० बाइट. मधात एमपीथ्री करून आणला तरी तेवढेच. पोतं तेवढंच राहिलं, फक्त धानाच्या जागी कोंडा भरला. वरून एमपीथ्री करताना सुरुवातीला रिकामी जागा चिकटते, एमपीथ्री बनवणाऱ्या लेम एन्कोडरचे ५७६ नमुने अन् ती परत उलगडणाऱ्या डिकोडरचे ५२९, सॉफ्टवेअरनं कापले नाही तर २५ मिलिसेकंद. म्हणजे स्टिक आत्ता, ठोका मागून, अन् लूपला, म्हणजे फिरून फिरून वाजणाऱ्या आवाजाला, जोडावर भोक. मग ढोलकीवाला म्हणते पॅडवाल्याचा हातच कच्चा आहे.

तिसरा, "जुन्या किट डिलीट करा." किटमध्ये फक्त कोणत्या पॅडवर कोणता आवाज एवढंच लिहिलेलं असते, ती उडवून जागा निघत नाही. जागा आवाज उडवल्यावर निघते, पण तोच आवाज दुसऱ्या किटात लावला असंल तर तिथला पॅड मुका. पाचवा, मोठा पेन ड्राईव्ह लावून ठेवा म्हणे. इम्पोर्ट केलेला आवाज मशीनच्या आतल्या मेमरीत कॉपी होते, पेन ड्राईव्ह ६४ जीबीचा लटकवा नाहीतर ८ चा, आतले २ ते २ च.

राहिला पहिला, "आवाज मोनो करा, फास्ट करून भरा, मग पिच उतरवा." मोनोनं जागा अर्धी लागते हे खरं आहे, मानतो, अन् आपल्याकडं मंडपात बहुतेक दोन्ही बाजूला तोच आवाज जाते, मग पिस्तूल स्टिरिओत ठेवून करता काय. फास्टवाली गोष्ट पण हवेतली नाही. १९८७ च्या एसपी-१२०० या आवाज भरायच्या जुन्या मशीनमध्ये सगळी मिळून जागा दहा सेकंदाची, म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून घ्यायचे अन् मग पिच उतरवायचे, आवाज खरबरीत झाला तरी चालवून घ्यायचे. दहा सेकंदवाल्याची मजबुरी होती ती. तीन तासवाल्यानं कायले करायची?

रिसेटच्या आधी सगळं पेन ड्राईव्हवर सेव्ह करायचं, हे त्या मेसेजमध्ये कुठंच नाही. भाच्याचे नव्वद-एक आवाज जुन्या लॅपटॉपात सापडले, पिस्तूल आम्ही परत बनवलं. कोल्हेकुई मात्र गेली, ती त्यानं आमच्या बांधावर रात्री दोन वाजता मोबाईल धरून घेतली होती. तीन रात्री झाल्या, परत जाऊन बसून राहिला आहे, कोल्हा काही ओरडून नाही राहिला.