डोळ्यांतले पाणी म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

आमच्या परळच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या पावसाळ्यापासून एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डोळ्यांतून सतत पाणी येते ते अंगातली उष्णता आणि विषारी द्रव्ये बाहेर पडत असल्यामुळे, म्हणून ते अडवू नये, रोज रात्री डोळ्यांत मध किंवा गुलाबपाणी आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत आईचे दूध घालावे, पाणी गळत असताना ‘डोळे कोरडे आहेत’ असे सांगून डॉक्टर थेंब देतात ती फसवणूक आहे, आणि अश्रू नाकात नेणाऱ्या नळीचे ऑपरेशन केले की डोळे कायमचे कोरडे पडतात.

पहिला मुद्दा उष्णतेचा. अश्रू तयार होतात ते वरच्या पापणीच्या आड, कानाकडच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीत. पापण्यांच्या उघडझापेने ते डोळ्यावर पसरतात आणि नाकाकडच्या कोपऱ्यात येतात. आरशासमोर उभे राहून खालची पापणी त्या कोपऱ्याजवळ किंचित बाहेर ओढली, तर कडेवर टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र दिसते. त्याचा व्यास जेमतेम ०.३ मिलिमीटर असतो. तसेच एक वरच्या पापणीलाही असते. या दोन छिद्रांतून निघालेल्या बारीक नलिका अश्रुपिशवीत उघडतात आणि पिशवीतून निघालेली नळी हाडातून खाली उतरून नाकात उघडते. म्हणूनच रडताना नाक वाहते आणि डोळ्यांत घातलेले औषध थोड्या वेळाने घशाशी कडू लागते. तेव्हा पाणी गालावर ओघळते त्याची कारणे मुळात दोनच: अश्रू जास्त तयार होतात, किंवा त्यांचा निचरा होत नाही. हिंदमाताला पाणी तुंबले की आपण नुसत्या पावसाला दोष देत नाही, गटारांकडेही बघतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र तेवढेही का सुचू नये, हे मला कळत नाही. शरीरातली नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, अश्रुग्रंथी नव्हे.

‘गळणारा डोळा कोरडा कसा असेल’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो, आणि संदेशातला सर्वांत फसवा भाग तोच आहे. डोळ्यावरचा अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. पापण्यांच्या कडेवरच्या ग्रंथींतून झिरपणारे तेल त्या पाण्याला लवकर उडू देत नाही. हे तेल कमी पडले, किंवा दिवसभर एसीत संगणकाकडे टक लावून बसल्यामुळे उघडझाप कमी झाली, की तो थर जागोजागी फाटतो, डोळा चुरचुरतो आणि त्या टोचणीला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. संध्याकाळी लोकलच्या दारात वारा लागताच ज्यांच्या डोळ्यांना धार लागते, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार हीच असते. त्यांना कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि पापण्यांना कोमट शेक देणे यात फसवणूक नाही. फसगत होते ती केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी: चार दिवस बरे वाटते, पण महिनोन्‌महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

मध, गुलाबपाणी आणि दूध यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. यांतले काहीही निर्जंतुक नसते आणि बंद नळी त्यांनी उघडत नाही.

बाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अनेक तान्ह्या बाळांत नळीच्या नाकाकडच्या टोकाशी एक पातळ पडदा राहिलेला असतो. म्हणून डोळा पाणावतो आणि सकाळी चिपडांनी चिकटतो. दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो पहिल्या वर्षात आपोआप उघडतो. तोवर डॉक्टरांकडून शिकून घेऊन, नखे कापलेल्या बोटाने नाकाकडच्या कोपऱ्यापासून नाकपुडीच्या दिशेने दाबत मालिश करायची असते, नुसते गोंजारायचे नसते. पण बाळ उजेड सहन करत नसेल, किंवा बुबुळ मोठे वा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि तिथे वाट पाहणे महागात पडते.

राहिले ऑपरेशन. माझी मावशी दोन वर्षे पदराने डोळा पुसत होती. मोतीबिंदूच्या तपासणीत डॉक्टरांनी नाकाच्या कडेला बोटाने दाबले, तर छिद्रातून पिवळट पू वर आला. मग त्यांनी डोळा बधिर करून बोथट सुईने छिद्रात सलाइन सोडले. नळी मोकळी असती तर घशात खारट लागले असते, पण मावशीला काहीच लागले नाही आणि सगळे पाणी वरच्या छिद्रातून परत आले. जुनी माणसे ज्याला लासरू म्हणतात, ते हेच. असा पू साठलेला असताना मोतीबिंदू काढला तर जंतू डोळ्याच्या आत जाण्याचा धोका असतो, म्हणून आधी नळीचे ऑपरेशन झाले. डीसीआर नावाची ही शस्त्रक्रिया इटलीतल्या टोटी यांनी १९०४ मध्ये मांडली. तिच्यात अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामधल्या हाडात नवी वाट केली जाते. आता ती बऱ्याचदा नाकातून दुर्बिणीने होते आणि चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीला तिच्यात हात लागत नाही, मग डोळा कोरडा पडेल कसा?

संदेशात नसलेली एक गोष्ट नोंदवतो. नाकाजवळच्या कोपऱ्यात लाल, ठणकणारी सूज येणे, ताप येणे, पाण्यात रक्त दिसणे किंवा नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी केईएम, नायर, सायन किंवा जवळच्या रुग्णालयातला नेत्रविभाग गाठावा, आणि ती सूज घरी दाबून वा फोडून पाहू नये.